नव्याने रुजू झालात? शाळेचं नेट, ग्रुप, लिंक आणि ओटीपी

शाळेवर रुजू होऊन माझा तिसरा दिवस होता. सकाळी ११.२० ला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर मेसेज पडला: 'अति तातडीचे. सोबतची लिंक दुपारी १ पर्यंत भरणे. माहिती निरंक असली तरी भरणे.' लिंक उघडली, शाळेचं लॉगिन टाकलं आणि ओटीपीची वाट बघत बसले. तो येईचना. शेवटी मुख्याध्यापक सर म्हणाले, "अहो, तो आधीच्या सरांच्या मोबाइलवर जातो." आधीच्या सरांची बदली होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांना फोन लावला तर ते तासावर. एक वाजला, दोन वाजले. संध्याकाळी 'माहिती अप्राप्त शाळा' या यादीत आमचं नाव सगळ्यात वर.

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र तेव्हाही माझ्या फाइलला लावलेलं होतं. एक्सेलमध्ये बेरीज येत होती, पीपीटी करता येत होती. पण शाळेचा पासवर्ड बदलीबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जातो, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत ठेचा खात मी जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते. पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून नुकतीच नेमणूक झालेल्यांना उपयोग होईल. जुन्यांनीही पहिली पायरी मात्र वाचावी.

आधी हे गोळा करा

- स्वतःचा मोबाइल, त्यात निदान चार-पाच जीबी जागा रिकामी. (आधी गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ उडवा.)
- शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतली शाळेची ओळख), ११ अंकी. महिनाभरात तोंडपाठ होतोच.
- शाळेच्या सगळ्या लॉगिनची यादी: यूडायस प्लस (शाळेची माहिती), सरल (विद्यार्थ्यांची माहिती), शालार्थ (पगार), पोषण आहार.
- शाळेचा ईमेल पत्ता आणि तो शेवटचा कोणी उघडला, ही माहिती.
- एक दोनशे पानी वही आणि कुलूप असलेलं कपाट. कशाला, ते पुढे येतंय.

## १. शाळेची खाती कोणाच्या नंबरवर आहेत ते शोधा

हे पहिल्या आठवड्यात करा. परिपाठ, पट, फळा या सगळ्यात ते मागे पडतं आणि मग नेमकं तातडीच्या दिवशी आठवतं.

शाळेचं जीमेल खातं उघडा. खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा नावाचा भाग असतो. तिथे पासवर्ड परत मिळवण्यासाठी कोणता मोबाइल नंबर आणि कोणता दुसरा ईमेल दिलाय ते दिसतं. त्याच पानावर हे खातं कोणकोणत्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे, त्याची यादी असते. आमच्या खात्याला चार फोन होते. त्यातला एक कोणाचा हे आजवर कळलेलं नाही. अनोळखी फोन तिथल्या तिथे बाहेर काढा, पासवर्ड बदला, मुख्याध्यापकांचा चालू नंबर टाका.

मग द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खात्री) सुरू करा. ती सुरू केली की गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ अंकी. एक कोड एकदाच चालतो. ओटीपी येणारा फोन बंद असेल, पाण्यात पडला असेल किंवा त्याचा मालक रजेवर असेल, तर यातला एक कोड टाकून आत जाता येतं. हे दहा कोड छापा, त्या दोनशे पानी वहीत चिकटवा, वही कपाटात आणि कपाटाला कुलूप. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सगळे सांगतात. ते भिंतीवर चिकटवण्याबद्दल खरं आहे. कार्यालयात कॉम्प्युटरच्या पडद्यालाच पिवळी चिठ्ठी लावलेली मी पाहिली आहे. कुलूपबंद वही त्यापेक्षा कितीतरी बरी, आणि सगळीकडे शाळेचं नाव व १२३ असा पासवर्ड ठेवण्यापेक्षा तर फारच बरी.

सरकारी पोर्टलवरचा नंबर बहुतेक वेळा आपल्याला बदलता येत नाही. त्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात पोर्टलचं काम बघणाऱ्या एमआयएस समन्वयकांकडे शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या.

इथे फसतात: शाळेचं खातं कोणीच उघडत नाही, सगळं स्वतःच्या जीमेलवरून चालतं. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. त्यात ठेवलेले जुने फोटो आणि निकालपत्रकं जातात ती जातातच.

## २. नेट कुठून येतं ते समजून घ्या

आमच्या शाळेत रेंज दोन ठिकाणी येते: स्वयंपाकघराच्या मागे आणि ध्वजस्तंभापाशी. तुमच्या शाळेतली जागा पहिल्या दिवशी शोधून ठेवा. गावात दोन कंपन्यांची रेंज येत असेल, तर दोघा शिक्षकांनी वेगवेगळी सिमकार्डं घ्यावीत. एकाची गेली की दुसऱ्याची कामी येते.

लॅपटॉपला नेट द्यायचं तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा. सोपं आहे, पण लॅपटॉपला वाटतं आपल्याला घरचं वायफाय मिळालं आणि तो मागच्या बाजूने विंडोजचे अपडेट ओढायला लागतो. माझा दिवसाचा दीड जीबी असाच अर्ध्या तासात संपला होता आणि मी जिओ-एअरटेलला शिव्या घालत बसले होते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटवर 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे 'हे नेट मोजून मिळतंय') सुरू करा. ओढाताण बरीच थांबते. हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवा. सातवीतल्या मुलांना तो सांगू नका. ते शोधून काढतातच, पण निदान मेहनत तरी करू द्या.

साइट उघडत नसेल, तर आधी दुसरी कोणतीही साइट उघडून बघा. ती उघडली, तर नेट ठीक आहे आणि सरकारी सर्व्हरवर गर्दी आहे. मग रिफ्रेश मारत बसू नका. सकाळी सहा ते आठ या वेळेत तेच काम दहा मिनिटांत होतं.

## ३. लिंकवर बोट ठेवण्याआधी पत्ता वाचा

ग्रुपवर दिवसाला पाच-सात लिंका येतात. त्यातली खरी कोणती, हे ओळखायची एक रीत आहे. सुरुवातीच्या 'https://' मधल्या दोन रेघा सोडा, त्यानंतर पत्त्यात पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचा. सरकारी साइट असेल तर बहुतेक वेळा त्या रेघेच्या अगदी आधी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असतं. 'महाराष्ट्र', 'शिक्षण', 'स्कॉलरशिप' हे शब्द पत्त्यात पुढेमागे कुठेही असले, तरी त्याला काही अर्थ नाही. ते कोणीही घालू शकतं. गावाचं नाव पाकिटावर कुठेही लिहिलं तरी टपाल पिनकोडनेच जातं, तसं हे.

कुलपाच्या खुणेवरही भाळू नका. तुमच्यात आणि त्या साइटमध्ये चाललेलं बोलणं मधल्यामध्ये कोणी ऐकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. समोरचा माणूस चोर आहे की साव, हे त्याला माहीत नसतं.

इथे फसतात: फाइलचं नाव 'लग्नपत्रिका' किंवा 'वाहन चलन' आणि शेवटी डॉट एपीके. ती पत्रिका नसते. ते अ‍ॅप असतं. उघडून परवानगी दिली, की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ओळखीच्या नंबरवरून आली असली, तरी एपीके उघडू नका, कारण बहुतेक वेळा ती त्या माणसाने पाठवलेलीच नसते.

## ४. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा

जुन्या कॉम्प्युटरवर कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र तुमच्या फोनवर उघडलं, की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वरून मराठी रूप दिलेलं असतं. युनिकोडमध्ये 'क' हा सगळीकडे 'क'च राहतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कळफलक आधीच असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून तो जोडून घ्यावा लागतो. फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कळफलक पुरतो. त्यातला माइक दाबून बोललं, तर तो बऱ्यापैकी शुद्ध लिहितो. वर्गाचा गोंगाट मागे असला, की मात्र काहीही लिहितो. एकदा 'शाळा व्यवस्थापन समिती'चं त्याने काय केलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाठवण्याआधी वाचा.

## ५. ईमेल: थोडक्यात, पण नीट

हुद्देदाराला काही कळवायचं आणि उद्या 'मिळालंच नाही' असं ऐकायचं नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपसोबत ईमेलही करा. विषयाची ओळ मोकळी सोडू नका. तिथे शाळेचं नाव, यूडायस क्रमांक आणि काम लिहा. जीमेलला एका वेळी २५ एमबीपर्यंत फाइल जोडता येते. त्याहून मोठी असेल, तर ती आपोआप ड्राइव्हची लिंक होऊन जाते. अनेक पालकांना एकदम मेल करायची वेळ आलीच, तर पत्ते 'बीसीसी'त टाका. नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात.

कागद स्कॅन करायला वेगळं अ‍ॅप नको. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये स्कॅनची सोय आहे, थेट पीडीएफ होते. आणि पोर्टल जेव्हा '१०० केबीपेक्षा लहान फोटो' मागतं, तेव्हा तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून परत सेव्ह करा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो आपणहून बारीक करतं. तरी मोठा राहिला, तर कडा कापून पुन्हा पाठवा. उलट छापायला स्वच्छ फोटो हवा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग तो होता तसाच पोचतो.

## ६. पालकांचा ग्रुप

या पायरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शाळेचं निम्मं नाव इथे होतं आणि निम्मं इथेच जातं.

आधी यादी करा: कोणत्या मुलाच्या घरी कोणता फोन आहे, तो कोणाच्या हातात असतो आणि किती वाजता घरी येतो. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आई-बाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, मूल आजीपाशी. स्मार्टफोन बापाबरोबर जातो, आजीकडे राहतो बटणांचा फोन. म्हणजे ग्रुपवर 'उद्या शाळा सकाळची' असं टाकलं, की ते साडेतीनशे किलोमीटरवर फडात वाचलं जातं आणि गावातलं पोर साडेदहाला दप्तर घेऊन येतं. म्हणून माझ्या यादीत तीन खुणा आहेत: व्हॉट्सअ‍ॅप, साधा फोन, शेजारी. 'शेजारी' म्हणजे ज्यांच्या घरी निरोप दिला की पोचतो ते घर. ही यादी दिवाळीनंतर आणि पुन्हा पाडव्याच्या सुमारास बदलावी लागते.

मग ग्रुप. सेटिंग असं ठेवा:

- मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवतील. पालकांना बोलायचं असेल, तर थेट फोन किंवा वैयक्तिक मेसेज.
- अ‍ॅडमिन दोघे. तुम्ही आणि मुख्याध्यापक.
- ग्रुपचं नाव आणि फोटो फक्त अ‍ॅडमिन बदलतील. निवडणुकीच्या काळात हे का म्हणते, ते कळेल.
- मेसेजची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. हे पालकसभेत सांगून टाका, नाहीतर रात्री साडेदहाला 'बाई, गृहपाठ काय होता' चालू राहतं.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आयांचे नंबर अनोळखी माणसांपर्यंत जातात, त्यांना नको ते मेसेज येतात, आणि त्या बिचाऱ्या शाळेला काही न बोलता ग्रुप सोडून जातात. हे आमच्याकडे झालं आणि आम्हाला कळायला सहा महिने लागले. यावर दोन उपाय आहेत. पहिला, व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी: तिच्यातल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. दुसरा, ब्रॉडकास्ट लिस्ट: एका यादीत २५६ जण, प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो. ब्रॉडकास्टची मेख अशी, की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यालाच तो पोचतो. पालकसभेत सगळ्यांना फोन हातात घ्यायला लावा आणि तिथेच नंबर सेव्ह करून घ्या. 'शाळेच्या बाई' एवढंच नाव पुरे.

आता मेसेज लिहायचा कसा. मी सुरुवातीला असं लिहायचे:

'सर्व सन्माननीय पालकांना कळविण्यात येते की, उद्या दि. रोजी शाळेच्या वेळेत बदल करण्यात आलेला असून सर्वांनी याची नोंद घ्यावी.'

यात वेळ कुठेच नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका आजोबांच्या आलं. आता असं लिहिते:

'उद्या शनिवार. शाळा सकाळी ७.३० ला. सुटी ११ ला. पाण्याची बाटली द्या.'

याच्या खाली तेच बोलून २० सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकते. वाचता न येणारी आजी तो शेजारच्या पोराकडून लावून घेते. पीडीएफ टाकू नका. कार्यालयाचं पत्र पुढे ढकलणं म्हणजे पालकांना कळवणं नव्हे. महत्त्वाचा मेसेज पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहते.

आणि ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवला, तर लोक तो म्यूट करतात. मी आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाचं अर्ध्या मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करून त्याच्या घरच्या नंबरवर पाठवते. ग्रुपवर नाही. तिथे तुलना सुरू होते. गेल्या हंगामात तिसरीतल्या एका मुलीचं वाचन पाठवलं. रात्री तिच्या वडिलांचा फडातून फोन आला. मागे ट्रॅक्टर चालू होता, नीट ऐकू येईना. म्हणाले, "बाई, ती 'ष' म्हणताना थांबली ना? तो मला बी येत नव्हता."

## ७. गूगल फॉर्म आणि शीट

फॉर्म करणं सोपं आहे. अडतं ते सेटिंगमध्ये.

- 'एकदाच प्रतिसाद' बंद ठेवा. ते चालू असलं, की भरणाऱ्याला गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं. पालकांच्या फोनमध्ये जीमेल असतं, पण पासवर्ड मोबाइलच्या दुकानदाराला माहीत असतो.
- फाइल अपलोडचा प्रश्न टाळा. त्यालाही लॉगिन लागतं.
- निकालाचा सारांश भरणाऱ्यांना दाखवणं बंद ठेवा. नाहीतर एकाची उत्तरं दुसरा बघतो. 'घरात शौचालय आहे का' या प्रश्नाची उत्तरं गावभर झाली तर काय होईल, विचार करा.
- मोबाइल नंबरच्या रकान्यात दहा अंकांची अट घाला.
- पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर स्वतः भरून बघा.

ड्राइव्हवरची फाइल पाठवताना परवानगी तपासा. ती 'मर्यादित' असेल, तर रात्री बारापर्यंत 'अ‍ॅक्सेस द्या'चे मेल येत राहतात. 'लिंक असलेला कोणीही' केलंत, तर 'फक्त पाहू शकेल' एवढंच द्या. बदल करण्याची मुभा सगळ्यांना दिली की काय होतं, तेही सांगते. केंद्राच्या एका शीटमध्ये सगळ्या शाळांचा पट भरायचा होता. कोणीतरी शाळांची नावं अकारविल्हे लावायला गेलं आणि तो एकच रकाना निवडून क्रम लावला. नावं हलली, आकडे जागेवर राहिले. आमच्या २३ पटाच्या शाळेपुढे १८७ आला. दोन दिवस मला अभिनंदनाचे आणि चौकशीचे फोन येत होते. अशा वेळी शीटच्या फाइल मेनूमध्ये 'व्हर्जन हिस्टरी' असते. तिथून कालची शीट जशीच्या तशी परत आणता येते. हे आधी माहीत असतं, तर सगळ्या शाळांनी पुन्हा भरली नसती.

## ८. ऑनलाइन बैठक

फुकटच्या खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असतील, तर ६० मिनिटं मिळतात. दोन्हीकडे १०० जण बसतात. पालकांसाठी मीट बरं पडतं.

बैठकीआधी नाव बदलून शाळा आणि स्वतःचं नाव लिहा. मुलाच्या गेमसाठी ठेवलेल्या नावाने विस्तार अधिकाऱ्यांसमोर हजेरी लागलेली मी पाहिली आहे. बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवा. कॅमेरा बंद केलात, तर डेटाही वाचतो. एका खोलीत दोघे दोन फोनवर बसलात, तर एकाचाच स्पीकर चालू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. स्क्रीन दाखवण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. नाहीतर नवऱ्याने पाठवलेली किराणा मालाची यादी सगळं केंद्र वाचतं.

## ९. वर्गात दाखवण्यासाठी

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात. या कल्पनेचा पाया सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी घातला आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ज्या कोडवर दीक्षाचं नाव आहे, तो दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपमधून स्कॅन करा. कोपरा फाटून कोड स्कॅन होत नसेल, तर त्याखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो, तो अ‍ॅपमध्ये टाइप करा. व्हिडिओ रेंजमध्ये असताना डाउनलोड करून ठेवा. वर्गात तो नेटशिवाय चालतो. पुस्तकांच्या पीडीएफही बालभारतीच्या साइटवर मोफत आहेत. पुस्तक हरवलेल्या मुलासाठी तेवढाच धडा छापून देता येतो.

यूट्यूबवर थेट लावू नका. एकदा आमच्या बेडूक आणि त्याच्या पिलांच्या मध्येच रमीची जाहिरात आली आणि पोरांना बेडकापेक्षा तीच आवडली. तुम्ही स्वतः व्हिडिओ टाकणार असाल, तर तो 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल.

## १०. मुलांचे फोटो, आधार आणि झेरॉक्सचं दुकान

१३ वर्षांखालच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप किंवा स्वतःचं साधं गूगल खातं चालत नाही. तेव्हा चौथीच्या वर्गासाठी खोटी जन्मतारीख टाकून खाती काढू नका. सगळं पालकांच्या फोनवरूनच चालवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे, आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती, ही त्या कायद्याची दिशा आहे. प्रवेशाच्या दिवशीच फोटोची लेखी संमती घ्या. जे 'नको' म्हणतील, त्यांच्या मुलांना फोटोच्या वेळी काही काम द्या, कोपऱ्यात उभं करू नका. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव एकत्र लिहू नका.

आधार क्रमांकांची एक्सेल ग्रुपवर टाकणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. ती सोडा. फाइलला पासवर्ड लावा, ज्याला द्यायची त्यालाच पाठवा, पासवर्ड फोनवर सांगा. नुसता ओळखीचा पुरावा हवा असेल, तर मास्क्ड आधार चालतं का विचारा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आणि प्रिंटसाठी वेतनचिठ्ठी नाहीतर मुलांची कागदपत्रं झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असतील, तर काम झाल्यावर समोर उभं राहून ती डिलीट करून घ्या. त्याच्या कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं असेल, तर लॉगआउट करूनच उठा.

## ११. फसवणूक झालीच तर

पैसे गेले असतील, तर पहिला फोन १९३० वर, लगेच. नंतर बँकेला. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी साइटवरही करता येते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. लाजेपोटी रात्र घालवू नका, पैसे अडवायला पहिले काही तासच हाताशी असतात.

व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या हातात गेलं, तर तुमच्या नावाने पालकांकडे पैसे मागितले जातात. गावातले लोक बाईंनी मागितले म्हणून देतातही. म्हणून आजच व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सहा अंकी पिन लावा, आणि 'लिंक केलेली उपकरणं' उघडून तिथे अनोळखी कॉम्प्युटर नाही ना, हे बघा. एसएमएसवर आलेला सहा अंकी कोड कोणालाही सांगू नका, मागणारा शिक्षण विभागातून बोलतोय म्हणाला तरी.

## १२. बदली झाली, की कार्यमुक्त होण्याआधी

प्रभार यादीत खुर्च्या, तराजू आणि नकाशे मोजून देतो, त्यातच ही चार कामं लिहा. शाळेच्या जीमेलवर नव्या माणसाचा नंबर टाका आणि पडताळणीचा ओटीपी त्याच्याच फोनवर आलेला डोळ्यांनी बघा. नवे बॅकअप कोड काढा, जुने आपोआप रद्द होतात. तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर असलेली शाळेची शीट शाळेच्या खात्याच्या मालकीची करून द्या.

राहिला पालकांचा ग्रुप. आधी नव्या बाईंना नाहीतर सरांना अ‍ॅडमिन करा, मगच बाहेर पडा. एकुलता एक अ‍ॅडमिन निघून गेला, तर व्हॉट्सअ‍ॅप सदस्यांपैकी कोणालाही परस्पर अ‍ॅडमिन करतं. शेजारच्या गावात तो मान ज्यांना मिळाला, त्यांचं किराणा दुकान आहे. त्या शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी शेंगदाण्याचा आणि साखरेचा भाव येतो.